एका लहान पुस्तकाचा करारनामा

व्यापारी घराण्यात सौदा ही नवी गोष्ट नसते. माल पाहणे, भाव विचारणे, उधारीची मुदत ठरविणे आणि मगच शब्द देणे, हा क्रम घरातील मुलांच्या कानांवरून लहानपणापासून जात असतो. असे असूनही, घरातील एखाद्या व्यक्तीने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाबाबत लहानशा प्रकाशकाचे पत्र आले की हा क्रम बहुधा विसरला जातो. नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी वहीत उतरवून काढणारी आजी असो, वा दुकान बंद झाल्यावर रात्री लिहीत बसणारी सून असो. 'पुस्तक काढू' एवढे दोन शब्द ऐकूनच घर हरखून जाते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "नाव होईल, पैशाचे काय घेऊन बसलात?" मुलगा विचारतो, "एकंदर किती मिळणार?" आणि एखादे काका सुचवितात, "प्रकाशक कशाला हवा? आपणच हजार प्रती छापू आणि लग्नात वाटू." तिन्ही उत्तरांमागे आपुलकी आहे, पण तिन्ही उत्तरे करारनाम्याचा मसुदा वाचण्यापूर्वी दिलेली आहेत.

वस्तुतः असा प्रस्ताव तोलताना पैशाचा आकडा हा सर्वांत शेवटी पाहावयाचा असतो. आधी पाहावयाचे ते असे : कोणता हक्क दिला जात आहे, किती काळासाठी दिला जात आहे, आणि त्याचा हिशेब कोण, केव्हा दाखविणार आहे.

विक्री कशाची होते?

गोष्टींची वही म्हणजे केवळ कागद. प्रकाशकाला हवा असतो तो त्या मजकुराच्या प्रती काढण्याचा, विकण्याचा, भाषांतर करण्याचा, ध्वनिमुद्रण वा चित्रपट करण्याचा हक्क. याला कायद्यात स्वामित्व हक्क आणि व्यवहारात कॉपीराइट म्हणतात. आपल्या देशात त्याचे नियमन १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने होते. मजकूर लिहिला गेला की हा हक्क लेखकाकडे आपोआप येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुस्तकावर तो लेखकाच्या हयातीत असतोच. शिवाय मृत्यूनंतर येणाऱ्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे तो वारसांकडे राहतो.

या मुदतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. आज साठीत असलेली आजी आणखी वीस वर्षे जगली, तर तिच्या वहीवरील हक्क आजपासून सुमारे ऐंशी वर्षे टिकेल. ज्या आठ वर्षांच्या नातवासाठी तिने गोष्टी लिहिल्या, तो नातू स्वतः पणजोबा होईपर्यंत ही मालमत्ता घराची राहू शकते. एवढ्या दीर्घ मुदतीची दुसरी कोणतीही मालमत्ता घर इतक्या घाईने, चहाच्या टेबलावर, सहीनिशी देऊन टाकणार नाही.

बाजारपेठेतील गाळा भाड्याने देणे आणि त्याच गाळ्याचे खरेदीखत करून देणे यांतील फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकाच्या बाबतीतही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात लेखक प्रकाशकाला ठरावीक भाषेत, ठरावीक स्वरूपात, ठरावीक वर्षांसाठी पुस्तक काढण्याचा परवाना देतो. मालकी लेखकाकडेच राहते. दुसऱ्यात लेखक हक्कांचे संपूर्ण हस्तांतरण करतो. दोन्ही कायदेशीर आहेत. अडचण एवढीच, की अनेक मसुद्यांत भाडेपट्ट्याच्या भाषेत सुरुवात होते आणि चौथ्या पानावर खरेदीखत निघते. 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत' ही शब्दावली दिसली, की तेथे बोट ठेवून थांबावे.

एका सशाच्या गोष्टीची खतावणी

बालपुस्तकाच्या व्यवहारात काय मिळते आणि काय निसटते, याचा पुरा हिशेब पाहावयाचा असेल तर इंग्लंडमधील बीट्रिक्स पॉटर यांचे उदाहरण पाहावे. ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिले. त्या पत्रातील ससा म्हणजे पुढे जगभर गेलेला पीटर रॅबिट. काही वर्षांनी त्यांनी त्या पत्राचे पुस्तक करावयाचे ठरविले, तेव्हा एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. मुलांच्या लहान हातांत मावेल असे, मुलांना परवडेल अशा किमतीचे छोटे पुस्तक त्यांना हवे होते. आणि या आग्रहापासून त्या ढळल्या नाहीत.

अखेर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. त्या हातोहात गेल्या आणि लवकरच आणखी २०० छापाव्या लागल्या. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी पैसे मोजले ते छपाईसाठी. त्या मोबदल्यात सर्व प्रती त्यांच्या झाल्या आणि कोणताही हक्क कोणाकडे गेला नाही. आधी नकार देणाऱ्यांपैकी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने पुढे चित्रे रंगीत करण्याच्या अटीवर पुस्तक स्वीकारले. ऑक्टोबर १९०२ मध्ये ते बाजारात आले. पहिली छपाई ८,००० प्रतींची होती. तीही अपुरी पडली. पदरच्या पैशाने केलेल्या लहान प्रयोगामुळे पुस्तकाला मागणी आहे हे सिद्ध झाले होते.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची बाजू पाहू. वॉर्न यांनी अमेरिकेत या पुस्तकाच्या हक्कांचे संरक्षण वेळेवर करून घेतले नाही. परिणामी तेथे चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतून लेखिकेच्या हाती काही आले नाही. एका प्रदेशाच्या कागदपत्रांकडे झालेले दुर्लक्ष असे कायमचे महागात पडले. यातून शहाणपण घेऊन म्हणा वा मुळातच व्यवहारदृष्टी असल्यामुळे म्हणा, १९०३ मध्ये त्यांनी पीटर सशाची कापडी बाहुली स्वतः तयार केली आणि लंडनच्या पेटंट कार्यालयात तिची नोंदणी केली. पुस्तकातील पात्र हे पुस्तकाबाहेरही मिळकत देऊ शकते, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

तिसरा धडा हिशेबाचा. पुढील काळात प्रकाशकाकडून येणारी स्वामित्वधनाची विवरणपत्रे अनियमित होऊ लागली. लेखिकेने वारंवार विचारणा केली. १९१७ मध्ये त्या संस्थेचा एक भागीदार बनावट दस्तऐवजांच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि संस्था बुडण्याच्या बेतात आली. लेखिकेचे येणे अडकले होते. तरी त्यांनीच नवे पुस्तक देऊन संस्थेला सावरण्यास हातभार लावला. सचोटीची, वर्षानुवर्षांच्या संबंधांतली पेढी असली तरी हिशेब दरसाल मागावयाचा असतो, हा नियम व्यापाऱ्याला नवा नाही; लेखकाला तो बहुधा नवा असतो.

आणि या सर्वांची अंतिम शिल्लक? पुस्तकांची मिळकत आणि मावशीकडून मिळालेला लहानसा वारसा यांतून १९०५ मध्ये त्यांनी हिल टॉप नावाची शेती घेतली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला लोकांसाठी ठेवली. मुलाला लिहिलेल्या एका पत्रापासून येथवरचा हा प्रवास आहे. प्रत्येक पुस्तकाच्या नशिबी असे यश नसते. परंतु कोणते पुस्तक चालेल हे सही करताना कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच सही करताना पुस्तक चालेल असे धरून अटी तपासाव्या लागतात.

कायद्याने दिलेले आधार

भारतीय कायद्याने लेखकाला काही आधार दिलेले आहेत. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यावर देणाऱ्याची सही असावी लागते. तोंडी शब्दावर हक्क जात नाही. कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात नमूद व्हावे अशी अपेक्षा आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हस्तांतरित हक्क एक वर्षात वापरला गेला नाही, तर तो परत आल्याचे समजले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार आला : करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क केवळ मोघम शब्दांनी जात नाहीत, तसा स्पष्ट उल्लेख लागतो.

मात्र हे आधार बहुतांशी करार जेथे गप्प आहे तेथे उपयोगी पडतात. पाच वर्षांऐवजी 'कायम' असे लिहून त्यावर सही केली, तर पाच वर्षांचा आधार गेला. एका वर्षाची अटही करारात वेगळे लिहून बाजूला सारता येते. म्हणून कायदा माहीत असणे जितके आवश्यक, तितकेच मसुद्याची ओळन् ओळ वाचणे आवश्यक. एक हक्क मात्र विशेष आहे. स्वामित्व हक्क विकल्यानंतरही, लेखक म्हणून आपले नाव राहावे आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड मजकुराची होऊ नये, हे सांगण्याचा अधिकार कायद्याने लेखकाकडे ठेवला आहे.

तीन प्रस्ताव, एकच वही

आता हिशेबाकडे वळू. उदाहरणादाखल ४८ पानांचे, १२० रुपये किमतीचे, १,००० प्रतींचे सचित्र पुस्तक धरू.

पहिला प्रस्ताव ठोक रकमेचा : १०,००० रुपये घ्या, सर्व हक्क कायमचे द्या. रक्कम ताबडतोब मिळते, जोखीम नाही. पण पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या, हिंदी-गुजराती-कन्नड भाषांतरे झाली, तरी घराच्या वाट्याला तेच १०,०००.

दुसरा प्रस्ताव दहा टक्के स्वामित्वधनाचा. येथे 'दहा टक्के कशाचे?' हा प्रश्न कळीचा आहे. छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे १२ रुपये, म्हणजे हजार प्रतींचे १२,०००. प्रकाशकाच्या प्रत्यक्ष वसुलीवर असतील तर हिशेब बदलतो. विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली असे धरल्यास प्रकाशकाच्या हाती ७२ रुपये येतात; त्यावर दहा टक्के म्हणजे ७ रुपये २० पैसे, आणि हजार प्रतींचे ७,२००. त्यातही चित्रकाराचा निम्मा वाटा याच दहा टक्क्यांतून द्यावयाचा असेल, तर लेखिकेकडे ३,६०० उरतात. तेच 'दहा टक्के' १२,००० होतात आणि ३,६००ही होतात. शिवाय ही रक्कम प्रती विकल्या गेल्यावर मिळावयाची असते. विक्रीला तीन वर्षे लागली तर रक्कमही तीन वर्षांत विभागून येणार. तरीही या प्रस्तावात पुस्तकाच्या भवितव्यात घराची भागी शिल्लक राहते. छापील किमतीवरील दराने पाच आवृत्त्यांचे ६०,००० रुपये होतात.

तिसऱ्या प्रस्तावाची भाषा सर्वांत गोड असते. 'आपले साहित्य आम्हास अत्यंत भावले', असे म्हणून शेवटी लेखकाकडूनच ७५,००० रुपये मागितले जातात. ५०० प्रती छापू, त्यांतील २०० आपणास देऊ, उरलेल्या विक्रीस ठेवू. भागाकार केला की सत्य दिसते. ७५,००० भागिले ५०० म्हणजे प्रतीमागे १५० रुपये. पुस्तकाची किंमत मात्र १२०. हाती येणाऱ्या २०० प्रतींपुरताच विचार केला, तर एक प्रत ३७५ रुपयांना पडली. ज्याने एक रुपयाही गुंतवला नाही त्याला पुस्तक विकण्याची घाई असण्याचे कारण नाही; त्याची कमाई छपाईपूर्वीच झालेली असते. अशा प्रस्तावांत आयएसबीएन क्रमांक मिळवून देण्याचेही शुल्क काही वेळा लावले जाते. भारतात हा १३ अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था विनाशुल्क देते आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो.

स्वखर्चाने पुस्तक काढणे यात गैर काहीच नाही. समाजात मंगलप्रसंगी पुस्तके वाटण्याची चांगली चाल आहे, आणि शे-दोनशे प्रती आप्तांच्या मुलांपर्यंत पोहोचाव्यात एवढाच हेतू असेल तर काकांची सूचना योग्यच म्हणावी लागेल. मात्र तेव्हा दोन-तीन छापखान्यांची दरपत्रके मागवावीत, सर्व प्रती ताब्यात घ्याव्यात आणि हक्क घरातच ठेवावेत. छपाईचे पैसेही द्यावयाचे आणि हक्कही द्यावयाचे, हा सौदा कोणत्याही पेढीवर मान्य होणार नाही.

लहान प्रकाशकाची बाजू

येथवर वाचून लहान प्रकाशकाविषयी संशय बळावू नये. बालपुस्तक काढणे हे खर्चाचे काम आहे. चित्रकाराचा मोबदला, संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चार रंगांची छपाई, जाड कागद, मुलांच्या हाताळणीला टिकेल अशी बांधणी, हा सारा खर्च पहिली प्रत विकण्यापूर्वी करावा लागतो. नंतर विक्रेत्यांची उधारी, परत येणाऱ्या प्रती आणि गोदामाचे भाडे असते. त्यामुळे लहान प्रकाशक मोठी आगाऊ रक्कम देऊ शकला नाही, तर तो त्याचा दोष नव्हे. उलट, वर्षाला मोजकीच पुस्तके काढणारा प्रकाशक एकेका पुस्तकाकडे अधिक लक्ष देऊ शकतो. वाक्य मुलाच्या तोंडी बसते का, चित्र कोणत्या पानावर यावे, अक्षर किती मोठे असावे, या गोष्टींवर लेखिकेबरोबर बसून काम करणारा संपादक हीदेखील मोठी कमाई आहे.

त्याची पारख करण्याचे साधे मार्ग आहेत. त्याने पूर्वी काढलेली दोन-तीन बालपुस्तके विकत आणून घरातील मुलांच्या हाती द्यावीत. मुले ती पुन्हा उघडतात का, पाने सुटतात का, हे आठ दिवसांत कळते. तीन-चार वर्षांपूर्वीचे त्याचे एखादे पुस्तक आज दुकानात वा ग्रंथालयात मिळते का, ते पाहावे. त्याच्या दोन लेखकांना फोन करून एवढेच विचारावे, की विक्रीचे विवरण न मागता येते का. नव्या गिऱ्हाईकाला उधारी देण्यापूर्वी बाजारात चौकशी करण्याची जी रीत आहे, तीच येथे लागू करावी.

उत्तर देताना

चौकशी समाधानकारक झाली, तर पत्राच्या उत्तरात आभार मानून मसुदा मागवावा आणि काही अटींची नम्रपणे विनंती करावी. परवाना मराठी छापील पुस्तकापुरता असावा. अन्य भाषा, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, चित्रपट आणि खेळणी यांचे हक्क लेखिकेकडे राहावेत, किंवा प्रत्येकाची वाटणी स्वतंत्रपणे लिहावी. ज्या घराचे आप्त गुजरात आणि कर्नाटकातही पसरलेले आहेत, त्याला भाषांतराच्या हक्काचे मोल वेगळे सांगावयास नको. मुदत पाच ते सात वर्षांची असावी. सहीपासून ठरावीक महिन्यांत, जास्तीत जास्त दीड वर्षात, पुस्तक निघावे. न निघाल्यास हक्क परत यावेत. आवृत्ती संपल्यावर लेखी मागणी करूनही सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झाले नाही, तरीही हक्क परत यावेत. स्वामित्वधन छापील किमतीवर की वसुलीवर, हे शब्दांत लिहावे. दरवर्षी ३१ मार्चअखेर छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रतींचे विवरण मिळावे. चित्रांची मालकी चित्रकाराकडे की प्रकाशकाकडे, हेही लिहून घ्यावे. अन्यथा पुढे प्रकाशक बदलल्यास गोष्ट एका घरी आणि चित्रे दुसऱ्या घरी अशी स्थिती होते.

प्रामाणिक प्रकाशक यांतील बहुतेक अटी मान्य करतो. काहींवर घासाघीस करतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. दर दहाऐवजी साडेसात टक्के म्हणाला, तरी मुदत, परतीची अट आणि वार्षिक विवरण मान्य असेल तर सौदा स्वीकारण्यास हरकत नाही. याउलट, मुदतीचा आणि हिशेबाचा शब्द काढताच जो प्रकाशक 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे विचारतो, त्याने मोठी रक्कम देऊ केली तरी सौजन्याने नकार कळवावा. वही कपाटात राहिली तरी हक्क घरात राहतो. दुसरे पत्र पुढच्या वर्षी येऊ शकते.

सही झाल्यावरचे एक काम बहुतेक घरांत राहून जाते. करारनाम्याची दोघांच्या सहीची प्रत फायलीत हरवू न देता घराच्या खरेदीखतांसोबत आणि विमापत्रांसोबत ठेवावी. तीवर मुदत संपण्याची तारीख ठळक लिहावी. आणि आजी जेव्हा मृत्युपत्र करील, तेव्हा दागिने व ठेवी यांच्या यादीत त्या गोष्टींच्या पुस्तकाचा हक्क कोणत्या नातवंडाकडे जावा, याचीही एक ओळ तिने अवश्य लिहावी.